काड्यांचा त्रिकोण आणि आठवीची परीक्षा

काडेपेटीच्या तीन काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडा आणि त्रिकोण दाबून बघा. आकार टिकतो. चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलतो, कारण तिथे काड्यांची लांबी न बदलताही कोन बदलू शकतात. छपराच्या कैचीत त्रिकोण का, ते इथे हाताला कळतं.

हा खेळ होशंगाबादचा. तिथला विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला. अरविंद गुप्ता १९७८ मध्ये टेल्कोतून वर्षभराची रजा घेऊन तिथे गेले, आणि काड्यांची मॉडेल्स तयार झाली.

पण तुम्ही यावर संशोधन करणार असाल, तर काड्यांपाशी थांबू नका (तो सोपा भाग!). खरा बदल परीक्षेत होता. ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तकांत तयार उत्तरं नव्हती. आठवीचा पेपर पुस्तक उघडं ठेवून लिहायचा आणि प्रयोगाचीही परीक्षा व्हायची.

२००२ मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला. काड्यांचे खेळ पुण्यात, आयुकाच्या विज्ञान शोधिकेत, पुढे चालू राहिले. खेळ टिकला, परीक्षा का नाही टिकली? याचा शोध घ्यायला प्रयोगांच्या पुस्तकांपेक्षा तेव्हाच्या प्रश्नपत्रिका आधी मिळवा.