कामावर रंगावरून भेदभाव: कायदा कुठे साथ देतो, कुठे नाही

घणसोली गावातल्या एका मुलीच्या ऑफर लेटरवर रिसेप्शनचं काम होतं. रुजू व्हायला गेली तर तिला मागे स्टोअरला बसवलं. कारण विचारल्यावर सुपरवायझर म्हणाला, "समोर जरा उजळ मुलगी लागते." तिने मला विचारलं, "ताई, यावर केस होते का?" खरं उत्तर असं, की खासगी कंपनीत फक्त रंगाच्या कारणावर केस उभी करता येईल असा थेट कायदा आपल्याकडे नाही. पण विषय तिथे संपत नाही.

संविधानाच्या कलम 15 मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ही कारणं आहेत. सरकारी नोकरीच्या कलम 16 मध्ये कूळ आणि निवास यांची भर पडते. 'रंग' दोन्हींत नाही, आणि ही कलमं मुख्यतः सरकारला बांधतात, ठेकेदाराला नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 111 क्रमांकाच्या करारात मात्र 'रंग' स्पष्ट लिहिला आहे, आणि भारताने तो 1960 मध्येच स्वीकारला. त्याला साजेसा सर्वसमावेशक कायदा अजून नाही. 2017 मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत मांडलेलं भेदभावविरोधी खासगी विधेयक पुढे गेलं नाही. दिव्यांग, एचआयव्हीबाधित आणि तृतीयपंथी यांच्यासाठी 2016 ते 2019 या काळात कायदे झाले. म्हणजे संसदेला हे जमत नाही असं नाही.

आपल्याकडे रंग आणि जात एका दमात बोलली जातात. 'काळा' म्हणणारा पुढच्याच वाक्यात आडनाव, वस्ती, आरक्षण काढतो. तिथे 1989 चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होऊ शकतो. कलम 3(1)(आर) हे चारचौघांसमोर हेतुपुरस्सर केलेल्या अपमानासाठी आणि (एस) हे जातिवाचक शिवीगाळीसाठी आहे. पण अपमान जातीमुळे झाला आणि तो इतरांच्या नजरेसमोर झाला, हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या हितेश वर्मा निकालात यावर बोट ठेवलं. बंद केबिनमध्ये दोघांतच झालेलं बोलणं म्हणून टिकत नाही. "तुम्ही तर बौद्ध, मग अ‍ॅट्रॉसिटी कशी?" असं कुणी म्हणालं तर ऐकून परत येऊ नका. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतले बौद्ध या संरक्षणात आहेत. जातीचा दाखला सोबत ठेवा. एफआयआरसाठी आधी प्राथमिक चौकशी आवश्यक नाही, असं कलम 18अ सांगतं.

महिलांबाबत, शेऱ्याला लैंगिक छटा असेल तर 2013 चा कायदा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मुदत तीन महिने.

कारखान्यातल्या कायम कामगारांसाठी महाराष्ट्राचा 1971 चा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा कायदा आहे. गुणवत्ता न बघता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं ही त्यात अनुचित प्रथा आहे, आणि तक्रार 90 दिवसांत करायची असते. ठाणे-बेलापूर रोडवर निम्मे हात ठेकेदाराचे, त्यांच्यापर्यंत हे क्वचित पोचतं. नव्या कामगार संहितांमुळे काय बदललं, हे युनियनच्या वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

न्यायालयाकडून फार अपेक्षा ठेवण्याआधी एक निकाल माहीत असू द्या. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने साताऱ्याच्या जुन्या खटल्यात पतीला निर्दोष सोडलं. बायकोला सावळ्या रंगावरून आणि स्वयंपाकावरून टोमणे मारणं हा 498-अ च्या अर्थाने मोठा छळ ठरत नाही, असं त्यात म्हटलं. खटला घरातला, पण रंगावरच्या टोमण्याचं वजन किती धरलं जातं ते यातून कळतं.

म्हणून नोंद महत्त्वाची. तारीख, नेमके शब्द, तेव्हा आजूबाजूला कोण होतं, हे त्याच रात्री लिहून काढा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश पुसू नका. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही महिलेला ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

त्या मुलीने एचआरला ईमेल पाठवला आहे: ऑफर लेटरवर रिसेप्शन लिहिलं आहे, मग बदल का? उत्तर अजून आलेलं नाही.