फझी संच सिद्धान्त

नेहमीच्या संचात घटक एक तर असतो किंवा नसतो. पण ‘उंच माणसांचा संच’ कसा ठरवायचा? १८० सेंमीचा माणूस आत आणि १७९ सेंमीचा बाहेर, हे कुणालाच पटणार नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये यावर सुरेख तोड काढली: प्रत्येक घटकाला ० ते १ दरम्यान सदस्यत्वाची मात्रा द्यायची. १७९ सेंमीला, समजा, ०.८. ही संभाव्यता नव्हे. उंची नेमकी ठाऊक आहे, धूसर, म्हणजेच फझी, आहे ती ‘उंच’ची सीमा.

अशा दोन संचांच्या छेदात घटकाच्या दोन मात्रांपैकी लहान घ्यायची, संयोगात मोठी.

हीच कल्पना यंत्रांच्या नियंत्रणासाठी वापरून लंडनमध्ये इब्राहिम ममदानी यांनी १९७०च्या दशकात ‘दाब फार कमी असेल तर उष्णता बरीच वाढवा’ अशा धर्तीच्या नियमांवर छोटे वाफेचे इंजिन चालवून दाखवले. जपानमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या सेंदाईच्या भुयारी रेल्वेत हिताचीची फझी प्रणाली वेग आणि ब्रेक सांभाळू लागली. गाडी अलगद थांबे. पुढे वॉशिंग मशीन आणि कॅमेऱ्यांतही अशा फझी प्रणाली आल्या.