पाव कोणी भाजला?

मुंबईत सर्वांत चांगला वडापाव कोठे मिळतो, हा वाद कर्जत लोकलमध्ये ज्या गांभीर्याने चालतो त्या गांभीर्याने साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाची निवडही होत नसावी. नेरळला गाडीत बसले की मुंबईपर्यंत सुमारे दोन तास हाताशी असतात, आणि प्रत्येक स्थानकाला आपापला दावेदार असतो. कल्याणचा खिडकी वडा, ठाण्याचे गजानन आणि कुंजविहार, दादरला कीर्ती महाविद्यालयाजवळची अशोकची गाडी, शेवटी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरचे आराम. उलट दिशेला दोनच स्थानके गेले की कर्जत, म्हणजे दिवाडकरांचा वडा. हे सगळे मी चाखलेले आहे. अशोकच्या गाडीवरचा तळलेला चुरा आणि कर्जतचा गरम वडा ह्यांत निवड करायची वेळ आली तर मी कर्जतच्या बाजूने उभा राहीन, पण त्यात प्रांताभिमानाचा अंश आहे हे कबूल करतो.

ह्या वादात एक चमत्कारिक गोष्ट आहे. चर्चा चालते ती वड्याची. फार तर चटणीची. पावाविषयी कोणी बोलत नाही. न्यूयॉर्कमध्ये इटालियन स्थलांतरितांनी लांबट पावात मांस, चीज, लोणच्यातल्या मिरच्या भरून कामगारांसाठी जे खाणे रूढ केले त्याला तिकडे ‘हिरो’ म्हणतात, आणि शहरातला उत्तम हिरो कोणता ह्यावर तिथेही असेच रण माजते. परंतु तिथले खवय्ये सुरुवातच पावापासून करतात. साहजिक आहे, पाव त्यांचा स्वतःचा होता. आपला वडापाव अशा पावात शिरला, जो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खाल्ला असता तर जात गेली असती.

‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज. (पायांनी कणीक तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती अजून ऐकू येते, ती भाषाशास्त्रातून नव्हे, विटाळाच्या भीतीतून जन्मली आहे.) ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांकरवीच आला, आणि मिरचीही त्यांनीच आणली. बटाटा व मिरची आपण निमूटपणे स्वयंपाकघरात घेतली. पावाला मात्र उंबरठ्याबाहेर ठेवले, कारण तो कच्च्या मालाच्या रूपाने येत नव्हता, तयार होऊन येत होता. गोव्यात ताडीने आंबवलेली कणीक ख्रिस्ती पोदेराने भाजलेली असे. मुंबईत भट्टी कधी गोवेकराची, कधी इराण्याची, कधी उत्तरेकडून आलेल्या मुसलमान कारागिराची. प्रश्न पिठाचा नव्हता, हाताचा होता.

म्हणूनच १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याची परीक्षा पावाने होत असे. ख्रिस्त्याने भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या ह्या सुशिक्षितांनी हे सारे बंद दाराआड केले. १८६०च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि सभा विस्कटली. त्या भित्रेपणाला हसणे सोपे आहे. पण नाव फुटण्याची किंमत काय असे, हे पुढे तीस वर्षांनी पुण्यात दिसले. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली, नावे वर्तमानपत्रात छापली गेली आणि प्रकरण ग्रामण्यापर्यंत गेले. महाराष्ट्राच्या दोन थोर पुरुषांना प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले, ते एका कपासाठी!

परमहंस सभेला चार वर्षे होतात तोच, १८५३ साली, बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५६मध्ये रूळ नेरळवरून खोपोलीला पोहोचले, आणि १८६३मध्ये बोरघाट सर झाला. १९०७मध्ये नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुरू झाली. रेल्वेने जात मोडली असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी वेगळी व्यवस्था कित्येक दशके होती. पण भुकेचे वेळापत्रक मात्र रेल्वेने बदलले. घाटाचा चढ सदतिसास एक. तो चढण्यासाठी गाडीला मागून जोडइंजिने लागतात, ती कर्जतला जोडली जातात, आणि तेवढी मिनिटे गाडी थांबते. कर्जतच्या वड्याची कीर्ती ह्या मिनिटांवर उभी आहे. विक्रेता कोण, तळणारा कोण, हे विचारायला उतारूला सवडच नसते. परमहंसांना जे बंद दाराआड करावे लागले ते फलाटावर उघड्यावर होऊ लागले, कोणी प्रतिज्ञा न घेता.

वडा आणि पाव ह्यांची गाठ दादरला पडली. १९६६च्या सुमारास स्थानकाबाहेर अशोक वैद्यांनी ती घातली असे सांगतात. सुधाकर म्हात्रे ह्यांचेही नाव घेतले जाते. गिरणीच्या पाळीला निघालेल्या माणसाला उभ्याउभ्या, ताटाविना, एका हातात धरून खाता येईल असे हे अन्न. त्याच वर्षी स्थापन झालेल्या शिवसेनेने पुढे उडुपी खानावळींना उत्तर म्हणून त्याला मराठीपणाचे चिन्ह केले. १९८२च्या संपानंतर काम गेलेल्या कित्येक गिरणी कामगारांनी वडापावाच्या गाड्या टाकल्या. चिन्ह म्हणून मिरवले गेले ते वड्याला. भट्टीवरचा हात ह्या मराठीपणात कोठे बसतो, हा प्रश्न कोणी काढला नाही. काढला असता तर अडचणच झाली असती.

आता त्या भट्ट्याच बदलत आहेत. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणासंबंधीच्या प्रकरणात लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. हवेचा प्रश्न खरा आहे. दम्याच्या माणसाला चवीची कैफियत ऐकवण्यात अर्थ नाही. तरी लाकडावरच्या लादीचा तो किंचित जळका तळ आणि आतला ओलसर लुसलुशीतपणा ह्यांचे काय होणार, ह्याची चिंता मला उत्तम वडापावाच्या एकाही यादीत दिसली नाही.

मध्यंतरी मी एका गाडीवाल्याला विचारले, पाव कोणाकडून घेता? त्याने मिरची तळता तळता वर पाहिले, जणू मी तेलाचा भाव विचारला असावा. “येतो पहाटे,” तो म्हणाला. मागे पावाच्या लाद्या रचलेल्या होत्या, त्यांच्यावर वर्तमानपत्र अंथरलेले. गाडीच्या पाटीवर आडनाव होते, ठळक अक्षरांत; ते वड्याचे.