चाळीच्या भाड्याचा हिशेब

घर बांधून तें भाड्यानें द्यावें आणि त्या उत्पन्नावर निश्चिंत बसावें, ही आमच्या मध्यमवर्गाची जुनी आकांक्षा आहे. या व्यवहाराचा अंदाज मात्र बहुधा एकाच भागाकारानें केला जातो. समजा, एक लक्ष रुपये खर्चून वीस खोल्यांची चाळ उभारली व दर खोलीस दरमहा चाळीस रुपये भाडें ठरविलें. वर्षाचे ९,६०० रुपये आले, म्हणजे शेंकडा साडेनऊंहून अधिक सुटले, असें मालक मानतो. परंतु दोन महिन्यांइतकें भाडें रिकाम्या खोल्यांपायीं व थकबाकीपायीं बुडालें, तर ८,००० च राहतात. कर, डागडुजी व वसुलीचा कारकून यांचे २,५०० वजा जातां ५,५०० उरतात. आणि रक्कम शेंकडा सहा दरानें कर्जाऊ काढलेली असल्यास व्याजच ६,००० होतें. कागदावरचा नफा असा पाहतां पाहतां तोटा होतो.

खाजगी मालक असा चुकला तर नवल नाहीं. पण हाताशीं तज्ज्ञ असलेलें सरकारही चुकतें, याची साक्ष मुंबईच्या बी. डी. डी. चाळी देतात. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत, इ. स. १९२० मध्यें, डेव्हलपमेंट खातें निघालें. कामगारांसाठीं ५०,००० खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता. महायुद्धानंतरच्या महागाईंत बांधकाम हातीं घेतल्यामुळें खर्च भरून निघेल एवढें भाडें कामगारास झेपणारें नव्हतें. ती तूट भरण्यासाठीं शहरांत येणाऱ्या कापसावर दर गांठीस एक रुपया कर बसविण्यांत आला.

तूट आधींच धरली होती, हें योग्यच झालें. परंतु खोली बांधली कीं भाडेकरू मिळालाच, हें गृहीत धरणें नडलें. कामगारास गिरणी जवळ हवी, उधारी देणारा वाणी हवा, गांवकऱ्यांचा शेजार हवा. सुमारें १६० चौरस फुटांची काँक्रीटची खोली एवढ्यानेंच तो आपलें बिऱ्हाड हलवीत नसतो. वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी, म्हणजे सुमारें १६,५०० खोल्या झाल्या आणि काम थांबलें. वरळीच्या पुष्कळ खोल्या कित्येक वर्षें ओस होत्या. १९३० च्या कायदेभंगांत तेथें सत्याग्रही कैदी ठेवण्यांत आले!

पुढें हिशेबाची दुसरी बाजू उलटली. दुसऱ्या महायुद्धांत जागांची टंचाई झाली, आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजीं असलेलें भाडें हेंच प्रमाण ठरविलें. कायदा नसता तर हजारों कुटुंबें रस्त्यावर आलीं असतीं, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु भाडें गोठलें, चुना, लांकूड व मजुरी मात्र गोठली नाहीं. मालकानें दुरुस्ती सोडली आणि पागडीचा मार्ग धरला. शेवटीं १९६९ च्या कायद्यानें जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यांच्या दुरुस्तीसाठीं मंडळ नेमावें लागलें. गोठलेल्या भाड्याचें हें धोरण आतां न्याय्य उरलें नाहीं, असा अभिप्राय सर्वोच्च न्यायालयानें १९९७ मध्यें दिला. १९९९ च्या नव्या कायद्यानें वार्षिक शेंकडा चार वाढीस मुभा मिळाली, पण तोंवर कित्येक जिने खचले होते.

या दोन कथांतून आम्हांस एकच बोध दिसतो. पहिलींत भाडेकरूची सोय हिशेबांत धरली नाहीं म्हणून खोल्या रिकाम्या राहिल्या. दुसरींत वास्तूची झीज धरली नाहीं म्हणून भरलेल्या खोल्या ढांसळल्या. भांडवल व व्याज यांचे आंकडे वहींत आपोआप चढतात. राहणाऱ्याची ऐपत आणि भिंतींचें आयुष्य हे आंकडे मात्र मुद्दाम मांडावे लागतात. ते मांडले नाहींत तर त्यांची वसुली चुकत नाहीं. ती बहुधा हिशेब करणाऱ्याकडून न होतां चाळींत राहणाऱ्याकडून होते, इतकेंच.