पित्ताच्या खड्यातून निघालेले नाव

रक्ततपासणीच्या कागदावर ‘कोलेस्टेरॉल’ या शब्दापुढे मोठा आकडा दिसला की भल्याभल्यांचा चेहरा उतरतो आणि घरातल्या तुपाच्या बरणीवर पहारा बसतो. शब्द असा घरोघर पोहोचला आहे. पण त्याचा अर्थ विचारला तर उत्तर क्वचितच मिळते. ग्रीक भाषेत ‘खोले’ म्हणजे पित्त आणि ‘स्टेरेऑस’ म्हणजे घन. घट्ट झालेले पित्त, एवढाच या नावाचा मूळ अर्थ! ज्याला आपण हृदयाचा वैरी मानतो त्याचे नाव पित्तावरून का पडावे, हे आज आम्हांला सांगावयाचे आहे.

पित्ताचा मान जुन्या वैद्यकात फार मोठा होता. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार रसांच्या समतोलावर आरोग्य अवलंबून असते, असे ग्रीक वैद्य मानीत. ‘मेलँकोलिया’ या खिन्नतेच्या नावाचा शब्दार्थच काळे पित्त असा आहे. आपल्या आयुर्वेदाने वात, पित्त, कफ हे तीन दोष मानले. ही दोन शास्त्रे एकच आहेत असे म्हणणे बरोबर होणार नाही; परंतु रागाचे बिऱ्हाड दोघांनीही पित्ताच्याच घरी थाटले. इंग्रजीत तापट माणसाला ‘कॉलेरिक’ म्हणतात आणि आपले पित्त खवळते!

तथापि जुन्या वैद्यांनी केवळ तर्कच लढविले असे नाही. चरकसंहितेत काविळीचा एक प्रकार वर्णिला आहे. त्यात रोग्याचा मळ वाटलेल्या तिळांसारखा पांढुरका होतो, आणि कफाने पित्ताची वाट अडविली हे त्याचे कारण दिले आहे. आजचे डॉक्टर ज्याला ‘कोलेस्टॅसिस’ म्हणतात त्याचा शब्दार्थ पित्त तुंबणे हाच. मळाला रंग येतो तो पित्तातील रंगद्रव्यामुळे. वाट अडली की ते आतड्यात उतरत नाही, रक्तात साचते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते आणि अंगाला खाज सुटते. वाट अडविणारा आज कफ न मानता खडा, गाठ किंवा यकृताचाच विकार मानला जातो, हे खरे. पण वाट अडली आहे हे त्या वैद्यांनी नुसत्या डोळ्यांनी ओळखले होते.

आता फ्रान्सकडे वळू; कारण कोलेस्टेरॉलचे बारसे तेथे झाले. अठराव्या शतकात पुल्तिए द ला साल या फ्रेंच वैद्याला पित्ताशयातील खड्यांत एक पांढरा, चकचकीत पदार्थ आढळला. पुढे फुर्क्रुआ या रसायनज्ञाने त्याचा अभ्यास केला. त्याच सुमारास पॅरिसमधील एक जुनी दफनभूमी उकरली गेली, तेव्हा प्रेतांचे मेणासारखे झालेले अवशेष हाती आले. खड्यातील पदार्थ, हे प्रेतांतील मेण आणि देवमाशाच्या डोक्यातील मेण ही तिन्ही एकच, असे फुर्क्रुआला वाटले.

हा घोटाळा मिशेल शेव्हरल याने सोडविला. चरबी आणि साबण हा त्याचा खास अभ्यासविषय. चरबी अल्कलीबरोबर उकळली की साबण होतो. पण खड्यातील पदार्थ कितीही उकळला तरी साबण होईना! म्हणजे ही चरबी नव्हे, हे ठरले. 1815-16 च्या सुमारास त्याने त्याला ‘कोलेस्टेरिन’ असे नाव दिले.

नाव पडले आणि लगेच अपुरे ठरू लागले. 1833 मध्ये बुदे याला हाच पदार्थ माणसाच्या रक्तात आढळला. 1859 मध्ये बर्थेलोने तो रासायनिक दृष्ट्या अल्कोहोलांच्या कुळातला असल्याचे दाखविले. त्या कुळाची खूण म्हणून शेवटी ‘ऑल’ लागला. कट्टर दारूबंदीवाल्याच्या देहातही हे अल्कोहोल पेशीपेशीत आहे! 1910 मध्ये विंडाउसला रोगट महाधमन्यांत ते निरोगी धमन्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळले. 1913 मध्ये रशियात अनिचकोव्हने सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल चारले आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत थर साचले. पित्ताचा पदार्थ असा हृदयाच्या दारी येऊन उभा राहिला.

मग नाव चुकले काय? नाही, असेच आम्ही म्हणू. यकृत कोलेस्टेरॉलपासूनच पित्ताम्ले बनविते आणि देहातील जादा कोलेस्टेरॉल बाहेर पडते तेही मुख्यतः पित्ताच्या वाटेने. पित्ताला पेलवेना इतके ते झाले की त्याचे खडे धरतात. शेव्हरलला ते नेमके या वाटेवरच भेटले होते. नाव खोटे नव्हते. ते भेटीचे ठिकाण सांगत होते, पदार्थाचे सगळे चरित्र नव्हे.

हा विवेक आपल्या बोलीतल्या पित्ताबाबतही हवा. तोंडाला आंबट पाणी सुटले की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, डोके ठणकून उलटी झाली तरी पित्तच. यांतील आंबट पाणी जठरातले आम्ल असते. खरे पित्त यकृतात तयार होते. बोलण्यात हे चालून जाते, पण निदानात जिवावर बेतते. छातीवर दडपण येते, घाम फुटतो, हातात किंवा जबड्यात कळ जाते आणि घरातले वडीलधारे म्हणतात, “पित्त झाले असेल, थोडा सोडा घे.” हृदयाची रक्तवाहिनी कोलेस्टेरॉलच्या थराने आधीच अरुंद झालेली असते, तेथे गुठळी धरते, आणि मोलाचा तास सोड्याच्या पेल्यात बुडतो. अशा वेळी कळीला नाव देण्याची घाई करू नये. घाई करावी ती डॉक्टरांकडे जाण्याची.