धोतरा: देवाचा, चोराचा आणि वैद्याचा



मागच्या श्रावणात आमच्या ग्रामसंघातल्या परसबागा बघत फिरत होते. एका ताईंच्या दारात जांभळा धोतरा फुललेला. कर्ण्यासारखी, दुहेरी घेराची फुलं, नजर ठरू नये अशी. शेजारी पिवळी बिट्टी. आणि खाली त्यांची तीन वर्षांची नात धोतऱ्याचं वाळलेलं बोंड फोडून बसलेली. भातुकलीच्या ताटलीत बिया मांडून म्हणाली, "मिरचीच्या बिया आहेत, भाजीत घालायच्या."

तिनं तोंडात काही घातलं नव्हतं. आम्ही दोनदा साबणानं तिचे हात धुतले. ताई घाबरून म्हणाल्या, "आत्ताच उपटून टाकते." आतून सासूबाई म्हणाल्या, "महादेवाचं झाड आहे, हात लावू नका." मला दोघींचंही पटत होतं. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता, म्हणून घरी येऊन जुनी पुस्तकं काढली. त्यात जे सापडलं ते आज सांगते.

धोतरा आपल्या पूजेत फार जुना. महाशिवरात्रीला त्याचं फूल आणि फळ पिंडीवर वाहतो. गणपतीच्या एकवीस पत्रींत धोतरा आहे, कण्हेर आहे, रुईसुद्धा आहे. हलाहल पिणाऱ्या देवाला विषारी झाड वाहायचं, यात एक समज आहे. हे देवाचं आहे, आपल्या ताटातलं नाही, हे त्यातून घराघरांत कळत होतं. शास्त्रज्ञांनी या झाडाला 'दातुरा' हे नाव दिलं, तेही आपल्या 'धत्तूर'वरूनच.

आता गोव्यात जाऊ. गार्सिया द ओर्ता नावाचे पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आले आणि तिथेच राहिले. 1563 साली त्यांनी इथल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक छापलं. सगळं पुस्तक संवादाच्या रूपात आहे. धोतऱ्याच्या प्रकरणात एका घरची मोलकरीण वैद्यांकडे धावत येते. तिच्या मालकिणीला घरातल्याच एका गुलाम बाईनं धोतरा खाऊ घातला, किल्ल्या आणि दागिने घेतले आणि ती पळून गेली. ओर्ता लिहितात की धोतरा पोटात गेलेला माणूस नुसता हसत राहतो, अंगावरचे दागिने काढून घेतले तरी अडवत नाही.

वीसेक वर्षांनी यान हाउखेन फान लिन्स्खोटेन हा डच माणूस गोव्यात राहून गेला. त्याचं पुस्तक 1596 साली निघालं. गोव्यातल्या बायका नवऱ्याला धोतरा देऊन गुंगवतात आणि आपल्या मनाचं करतात, असं त्यानं लिहिलं. युरोपात हे चवीनं वाचलं गेलं.

मैत्रिणींनो, हे वाचताना मी थांबले. दोन्ही पुस्तकं पुरुषांनी लिहिलेली. त्या काळात गोव्यात माणसं बाजारात विकली जात. ती पळून गेलेली बाई कुठून आणली होती, तिच्यावर त्या घरात काय गुदरलं होतं, तिची बाजू त्या पुस्तकात नाही. दुसऱ्याला विष घालणं वाईटच. पण 'बाई आणि विष' अशी जोडी लावून गोष्ट रंगवणं सोपं असतं, हेही लक्षात ठेवू. आपल्या गावातही कुणाच्या पोटात दुखलं की आधी सुनेकडे बघणारी माणसं आहेतच.

खरं म्हणजे धोतऱ्यानं माणसं फसतात ती बहुतेकदा चुकून. अमेरिकेत जेम्सटाऊन इथं 1676 साली बंड मोडायला आलेल्या सैनिकांनी धोतऱ्याच्या जातीच्या एका झाडाच्या कोवळ्या पाल्याची भाजी करून खाल्ली. अकरा दिवस ते वेड्यासारखे वागत होते, अशी नोंद आहे. रानभाजी खुडणाऱ्या आपल्या बायकांनी ही गोष्ट विसरू नये. धोतरा वांगी, टोमॅटो, मिरचीच्याच कुळातला आहे. नातीला बिया मिरचीच्या वाटल्या, यात नवल नाही.

याच झाडाची दुसरी बाजू दवाखान्यात आहे. एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी याच कुळातल्या बेलाडोना या झाडातून अ‍ॅट्रोपिन वेगळं काढलं. धोतऱ्यातलं विष त्याच जातीचं. फवारणी करताना काही कीटकनाशकांची बाधा झाली तर डॉक्टर अ‍ॅट्रोपिनचंच इंजेक्शन देतात. पण तिथं मात्रा मोजलेली असते. झाडात मात्रा मोजलेली नसते, एका बोंडात कमी तर दुसऱ्यात जास्त. म्हणून दम्यासाठी पानं ओढणं, दुखण्यावर बिया उगाळून घेणं, असले घरगुती प्रयोग करू नका.

बिट्टी मात्र आपली नाही. ती मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडून आली. कुंडीत मिळणारी, खाली लोंबणाऱ्या मोठ्या कर्ण्यांची ब्रुगमान्सिया दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातली. झाडं आली, पण तिथल्या लोकांना त्यांच्याबद्दल जे माहीत होतं ते सोबत आलं नाही. नर्सरीवाला फुलाचा रंग सांगतो, विषाचं सांगत नाही. बिट्टीच्या बियांनी आपण लहानपणी खेळलो, पण त्या बीचं विष थेट हृदयावर जातं.

खुणा ऐकून ठेवा. धोतरा पोटात गेला तर तोंड कोरडं पडतं, अंग तापतं, चेहरा लाल होतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळतो. बिट्टीनं उलट्या होतात, नाडी मंदावते. मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका. 108 ला फोन करा, आणि झाडाची फांदी पिशवीत घालून सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना उपचार ठरवता येतील. छाटणी केलेल्या हातानं डोळे चोळू नका.

त्या ताईंच्या घरी शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. बिट्टी काढली. धोतरा अंगणातून हलवून कुंपणापलीकडे, देवळाच्या वाटेला लावला. बोंडं पिकायच्या आत त्या स्वतः खुडतात आणि खड्ड्यात पुरतात. मला म्हणाल्या, "माझ्या सासूनं मला सांगितलं होतं, मी सुनेला सांगायचं राहिलं."

येत्या बैठकीत हप्ते जमा झाले की एक काम करा. प्रत्येकीनं आपल्या दारातल्या अशा झाडांची नावं सांगायची आणि हजेरीवहीच्या मागच्या पानावर लिहायची. गटातल्या म्हाताऱ्या बायकांना आधी बोलू द्या.