ज्वर, कसर आणि श्वेतपेशी

कर्करोगावरील रासायनिक उपचारांच्या काळात रक्तातील श्वेतपेशी घटणे व त्याच सुमारास ज्वर येणे, या अवस्थेचा इतिहास सामान्यतः युद्धातील विषारी वायूपासून सांगितला जातो. मस्टर्ड वायूने पीडित सैनिकांच्या रक्तात श्वेतपेशी अत्यंत कमी होतात, ही नोंद 1919 मध्येच झाली होती. त्याच कुळातील द्रव्य 1942 मध्ये येल येथे रोग्यास प्रथम देण्यात आले. परंतु या इतिहासाची दुसरी शाखा मुंबईतून निघते.

1928 मध्ये ल्यूसी विल्स मुंबईस आल्या. गिरणीकामगार स्त्रियांस गरोदरपणी होणाऱ्या पांडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला, व यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. या आम्लाला विरोध करणारी द्रव्ये येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झाली. त्यांपैकी अमिनोप्टेरिन सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त बालकांस दिले. त्यांच्या 1948 च्या वृत्तांतात 16 पैकी 10 बालकांस तात्पुरता उतार पडल्याचे नमूद आहे. मात्र जे द्रव्य कर्कपेशींची वाढ रोखते, तेच अस्थिमज्जेतील पेशींचीही रोखते. औषधाचा गुण व अपाय एकाच मुळाचे होत.

श्वेतपेशी जितक्या कमी व जितके दिवस कमी, तितका जंतुसंसर्ग अधिक, हे जेराल्ड बोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 मध्ये आकड्यांनी दाखविले. न्यूट्रोफिल या श्वेतपेशी घनमिलिमीटरमागे 500 हून कमी झाल्या की धोका मोठा मानतात. अशा रोग्यास पू फारसा होत नाही, लाली-सूजही बेताचीच. कारण ती श्वेतपेशींचीच कामे. पुष्कळदा ज्वर हे एकच लक्षण उरते. पूर्वी रक्तात कोणता जंतू सापडतो याची वाट पाहत, आणि तेवढ्यात रोगी दगावे. 1971 मध्ये शिम्फ प्रभृतींनी ज्वर दिसताच प्रतिजैविके सुरू करण्याची पद्धत मांडली. तीच आज रूढ आहे.

येथे भाषेच्या अभ्यासकास थोडे थांबावे लागते. ‘कसर’ हा शब्द मूळचा अरबी. मराठीत त्याचे उणीव व अंगातील बारीक ताप असे दोन्ही अर्थ आहेत. या रोगावस्थेत दोन्ही कसरी एकत्र येतात, हा योगायोग खरा; पण व्यवहारात तोच शब्द घात करतो. जळगावच्या माझ्या एका वृद्ध मावशींनी उपचारानंतर दहाव्या दिवशी ‘ताप नाही रे, जराशी कसर आहे’ असे सांगून काढा घेतला. सायंकाळी तापमापकात पारा 101 वर होता. सुदैवाने रात्रीच रुग्णालय गाठता आले.

ज्यांचे उपचार मुंबईस होतात, त्या खानदेशातील रोग्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. श्वेतपेशी बहुधा 7 ते 14 दिवसांच्या दरम्यान नीचांकास पोहोचतात. तोवर रोगी जळगावास वा चाळीसगावमार्गे धुळ्यास, अथवा त्याहीपुढे साक्री-शिरपूरकडे घरी परतलेला असतो. सूचनापत्रावर 100.4 अंश हा आकडा छापलेला असतो. घरात मात्र ताप मोजला जातो तो कपाळावर हात ठेवून.